बारकीची झोप

म्हशींना माणसाचं दुःख कळत नाही असं नाही. पण वैरणीची वेळ झाली की त्या कुणाचं ऐकून घेत नाहीत. थोरल्याची बोटं कडबा बारीक कापायच्या कुट्टीच्या यंत्रात गेली त्या संध्याकाळीसुद्धा म्हशींनी दाव्याला हिसके देऊन सगळा गोठा डोक्यावर घेतला होता. बापू पोराला घेऊन दवाखान्यात गेलेला, त्याची बायको मागून अनवाणी धावत गेलेली. घरात उरली होती बापूची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली ती गोठ्याची मालकीण होऊनच राहिली. पोरांची ती आत्या, म्हणून सगळ्या आळीची आत्या. आत्याने यंत्राचं तोंड राख टाकून पुसून काढलं, कडबा तसाच अख्खा गव्हाणीत टाकला आणि ती धार काढायला बसली.

चरवी आडोशाला ठेवून ती वळली तेव्हा तिला बारकी दिसली.

बारकी म्हणजे थोरल्याची पाठची बहीण, पंधरा वर्षांची. ती भिंतीवरच्या स्टार्टरपाशी उभी होती आणि तिने लाल बटण अंगठ्याने दाबून धरलं होतं. यंत्र केव्हाच थंड झालेलं. तरी ती दाबतच होती. नख पांढरंफटक पडलं होतं.

"बारके, सोड. बंद आहे ते."

बारकीने सोडलं नाही. आत्याने मग रेडकाच्या तोंडातून सड सोडवावा तसा तिचा अंगठा हळूच बटणावरून सोडवला. पोरगी इतका वेळ तिथेच उभी होती आणि आपण चार हातांवर बसून धार काढत होतो, आपल्याला कळलंही नाही, ही गोष्ट आत्याच्या मनाला फार लागली.

थोरला वाचला. उजव्या हाताची तीन बोटं गेली, अंगठा आणि त्याशेजारचं बोट राहिलं. पोरगा मुळात गमत्या. दवाखान्यातून आला तो खाटेवर बसता बसता म्हणाला, "आत्या, आता कुणाच्या नावाने बोटं मोडायची झाली तर तुझ्याकडून उसनी घ्यावी लागणार."

"तुझ्या नावाने मोडून मोडून माझी झिजलीत. दुसरं घर बघ," आत्या म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून चुलीपुढे जाऊन बसली.

पण हाच थोरला बारकी समोर आली की हात टॉवेलात गुंडाळून मांडीखाली घालायचा. "तिने बघितलं तर घाबरेल," तो म्हणायचा. सगळ्यांनाच ते पटलं. मग घरात अशी जपणूक सुरू झाली की काही विचारू नका. यंत्राचं नाव काढायचं नाही. विळा-कोयता तिच्या नजरेआड ठेवायचा. बारकी कधी तोंड उघडून, "आई, त्या दिवशी मी..." असं म्हणायला लागली की आई तिचं डोकं छातीशी धरायची. "नको बाळा, आठवू नको. विसरून जा." बारकी मग गप्प व्हायची. आईला वाटायचं, विसरली.

विसरली कुठली! तिची झोप गेली होती. आत्या पहाटे धारेला उठली की गोठ्यात बारकी आधीच असायची; यंत्रासमोरच्या भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. डोळ्यांखाली काळं आलं, गालांची हाडं दिसायला लागली. ताटातलं अन्न इकडून तिकडे करून उठायची. शाळेला म्हणून दप्तर घेऊन निघायची आणि फाटकातून परत यायची. "पोटात दुखतंय." रोज पोटात दुखायचं.

त्यात ऊन वाढायला लागलं. हिरवा चारा संपला. उरली ती गोठ्यामागे कडब्याची गंज. आता अख्खा कडबा घातला की म्हैस काय करते, पानं ओढून खाते आणि धांडे पायाखाली घालते. निम्मी वैरण शेणात. कुट्टी करून घातली तरच ती गंज पावसापर्यंत पुरणार, हे शेंबड्या पोरालाही समजलं असतं. बापूने एका सकाळी मन घट्ट केलं आणि यंत्र सुरू केलं.

मोटारीचा आवाज झाला आणि बारकी घरातून धावत आली ती थेट बापूच्या पाठीवर. त्याचा सदरा धरून ती त्याला मागे ओढत होती, नखांनी ओरबाडत होती, आणि तोंडातून आवाज निघत होता तो माणसाचा वाटत नव्हता. बापूने यंत्र बंद केलं. सदऱ्याची शिवण खांद्यापासून कमरेपर्यंत उसवली होती. तो गंजीच्या सावलीत जाऊन उकिडवा बसला आणि किती तरी वेळ काडीने जमीन उकरत राहिला.

त्या दिवसानंतर आत्याने विळ्याने हाताने कुट्टी करून पाहिली. लाकडाच्या ठोकळ्यावर पेंढी ठेवायची आणि तोडत राहायची. दोन म्हशींची झाली की तिसरीच्या वेळेला मनगट सुजायचं. म्हशी मान वळवून बघायच्या, हिचं चाललंय काय म्हणून. दूध उतरलं. दूध केंद्रावरचा माप घेणारा दात काढून म्हणाला, "काय आत्या, पाणी घालायचं विसरलात वाटतं?"

"तुझ्या तोंडात घातलं, तिथेच संपलं," आत्या म्हणाली. पण परतताना तिला रिकामी किटली जड लागली.

मग आत्यानेच युक्ती काढली, आणि युक्तीचा तिला अभिमानही वाटला. पोरीला आवाज सहन होत नाही ना? मग आवाज तिच्या कानावर जाऊच द्यायचा नाही. बारकीला धुण्याच्या निमित्ताने नदीवर न्यायचं. नदी चांगली लांब. तेवढ्या वेळात बापूने यंत्र चालवून दोन वेळची कुट्टी करून घ्यायची, वर पोतं झाकायचं आणि सगळं जिथल्या तिथे. 

"तिला कळलं तर?" बापूने विचारलं.

"कसं कळेल? तिला काय स्वप्न पडणार आहे?"

पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी आत्या आणि बारकी धुणं वाळत घालून परत आल्या तर बापू यंत्रापाशी डोकं खाजवत उभा. बारकी घरात गेल्यावर तो दबक्या आवाजात म्हणाला, "बोर्डातला फ्यूज नाही."

"नाही म्हणजे? पाय फुटले त्याला?"

"मला काय विचारतेस? जागा रिकामी आहे."

बापूने नवा फ्यूज आणून बसवला. दोन दिवसांनी तोही गेला. आता शंका कुणावर घ्यायची? शेजारी सुतार होता. त्याच्या आणि बापूच्या मधे सांडपाण्याच्या नालीवरून जुनं वाकडं होतं. आत्याने फार विचार केला नाही. सुतार अंगणात रंधा मारत बसला होता, तिथे कुंपणावरून तिने तोफ सोडली.

"एवढी हौस असेल तर मागून न्यायचा. चोरून कशाला?"

सुताराने रंधा थांबवला. "काय नेलं मी?"

"फ्यूज."

"आत्या, माझ्या घरात महिनाभर वीज नाही. फ्यूज नेऊन काय त्याचं लोणचं घालू?"

आळीतली दोन-चार माणसं थांबून हसली. सुतार हसला नाही. तो उभा राहिला, अंगावरचा भुसा झटकला आणि म्हणाला, "तुमच्या पोराला गाडीत घातला तेव्हा त्याचा हात माझ्या मांडीवर होता. दवाखान्यापर्यंत. आणि मी फ्यूज चोरतो." तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

आत्याला कुंपण सोडून घरापर्यंत यायला फार जड गेलं.

त्याच आठवड्यात थोरल्याच्या हाताची पट्टी बदलायला ती त्याच्यासोबत दवाखान्यात गेली. तिथली नर्सबाई जाडजूड, कपाळाला कायम आठी. पण हात कापसासारखा. पट्टी उलगडता उलगडता तिने बारकीची चौकशी केली. आत्याने सगळं सांगितलं. नदीची युक्तीही सांगितली, जरा फुशारकीनेच.

"म्हणजे तुम्ही तिला फसवता," नर्सबाई म्हणाली.

"तिच्या भल्यासाठीच ना!"

"असेल. तिला काय हवंय ते विचारलंत का कधी?"

"तिला विचारायचं काय? तिला सगळं विसरून झोप लागायला हवी."

"ते तुम्हाला हवंय, आत्या," नर्सबाई म्हणाली. "ती बोलायला लागली की तिला बोलू द्या. मधे तोंड घालू नका. आणि तिच्या पाठीमागे काही करू नका, कितीही चांगलं असलं तरी. यापुढे नीट झोपली नाही तर तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेऊ, तिथे अशा मुलांशी बोलणाऱ्या डॉक्टर येतात. पण आधी घरचे कान मोकळे करा."

परतीच्या वाटेवर थोरला म्हणाला, "बाई तुला चांगलीच बोलली."

"तू गप्प बस. तुझी पट्टी झाली ना?" आत्या म्हणाली. पण ते तिच्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी धुण्याला जायची वेळ झाली. बापूने तिसरा फ्यूज आणून बसवला होता. आत्याने गाठोडं उचललं. बारकी मागून आली. नदीच्या काठी दगडावर बसून दोघी कपडे चोळायला लागल्या. बारकीने चादर पिळायला एक टोक आत्याला दिलं, दुसरं आपण धरलं आणि पीळ द्यायला वाकली, तशी तिच्या खिशातून काही तरी खळकन दगडावर पडलं. पांढरंशुभ्र, चिनी मातीचं. एक फ्यूज, आणि त्यामागून दुसरा, तिसरा.

दोघींच्या हातात चादर तशीच ताणलेली राहिली. पाणी टपटप गळत होतं.

आत्याच्या तोंडावर शब्द आले होते: सुतारापुढे माझं नाक कापलंस ना गं, सगळ्या आळीत माझी शोभा केलीस. ते सगळे शब्द तिने गिळले. गिळायला जड गेले, पण गिळले. तिने चादरीचं टोक खाली ठेवलं आणि विचारलं, "बारके, तुला काय हवंय?"

बारकीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. तसा तो होताच.

"मी नसताना लावू नका," ती म्हणाली.

"काय?"

"यंत्र. मी नसताना लावू नका ना, आत्या."

"अगं, पण तुला आवाज सहन होत नाही म्हणून तर..."

आत्या थांबली. नर्सबाईची कपाळावरची आठी तिला आठवली. ती तोंड मिटून बसली.

"मला आवाजाची भीती नाही वाटत," बारकी म्हणाली. सुरुवातीला एकेक शब्द येत होता, मग धार लागली. "तुम्ही मला नदीवर आणता. मी परत येते तर गव्हाणीत कुट्टी. मला काय विळ्याची कुट्टी आणि यंत्राची कुट्टी ओळखू येत नाही? विळ्याने एवढं सारखं कापलं जातं का? पोतं झाकलं म्हणजे झालं? म्हणजे यंत्र चाललं. आणि बाबा एकटे. बटणापाशी कुणीच नाही. बाबांचा हात आत गेला तर बंद कोण करणार? म्हणून मी शाळेत जात नाही. मी शाळेत गेले की तुम्ही लावणार. मी झोपले की तुम्ही लावणार. मला झोप आली की वाटतं, आता लावलं. मग मी उठून बघून येते."

नदीच्या पलीकडे कुणाची तरी शेरडं पाण्यावर आली होती, त्यांच्याकडे आत्या बघत राहिली. पोरगी यंत्राला भीत नव्हती. ती पहारा करत होती. आणि आपण रोज तिला पहाऱ्यावरून ओढून नदीवर आणत होतो. वर दोन वेळची कुट्टी झाली म्हणून खूश होत होतो.

"फ्यूज तुझ्याकडेच राहू दे," ती शेवटी म्हणाली. "तू दिल्याशिवाय यंत्र लागणार नाही."

"बाबा ऐकतील?"

"तुझा बाप माझ्यापेक्षा मोठा कधी झाला?"

बापूने मात्र आधी ऐकलं नाही. "सगळ्या गोठ्याची वैरण पोरीच्या खिशात ठेवायची? आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर नाही."

"म्हशींना काय सांगू?"

"मी सांगेन. त्या तुझ्यापेक्षा समजूतदार आहेत."

बारकीची आई इतका वेळ दाराला टेकून उभी होती. ती आत आली आणि म्हणाली, "मी तिला रोज सांगते विसर, विसर. ती मला काही तरी सांगायला येते आणि मी तिचं तोंड बंद करते. आता होऊ दे तिच्या मनासारखं." यावर बापूने हात जोडले. कुणाला जोडले ते कळलं नाही.

ठरल्याप्रमाणे रोज संध्याकाळी सगळे यंत्रापाशी जमायचे. बापू पेंढी घेऊन उभा. आत्या कुट्टी सारायला. बारकी स्टार्टरपाशी, फ्यूज मुठीत. सगळे तिच्या तोंडाकडे बघायचे. आणि ती म्हणायची, "आज नको."

"बरं," आत्या म्हणायची, आणि विळा घेऊन बसायची. बापू पेंढी खाली ठेवायचा. त्याचा जबडा हलायचा तेवढाच. पायाखाली तुडवलेले धांडे तो सकाळी गोळा करायचा, झटकायचा, पुन्हा घालायचा. गंज बसत चालली होती. एकदा त्याच्याच्याने राहवलं नाही. "आज नको म्हणजे उद्या तरी..." तो म्हणाला. आत्याने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो म्हशीच्या पाठीवरच्या गोचिड्या काढायला निघून गेला. 

पण एक गोष्ट आत्याच्या लक्षात आली. 'आज नको' म्हटलं आणि ते खरंच ऐकलं गेलं की त्या संध्याकाळी बारकीच्या ताटातलं अन्न थोडं जास्त संपायचं.

अशाच एका संध्याकाळी आत्या शेण भरत होती. थोरला दावणीच्या कट्ट्यावर बसला होता, हात टॉवेलात. बारकी स्टार्टरपाशीच रेंगाळली होती. ती अचानक म्हणाली, "हात दाखव."

"राहू दे गं. काय बघायचंय त्यात?"

"तू माझ्यावर रागावलायस म्हणून लपवतोस."

"रागावलोय?" थोरल्याचं तोंड उघडंच राहिलं. "अगं, तू घाबरशील म्हणून..."

"मी घाबरले तर मी घाबरेन. दाखव."

आत्या शेणाची पाटी तशीच धरून उभी राहिली. थोरल्याने टॉवेल काढला. बारकी जवळ गेली. गुलाबी, ताणलेली कातडी, टाक्यांच्या खुणा. तिने हात लावला नाही. पण नजरही काढली नाही.

"दुखतो?"

"दुखत नाही. खाजतो. म्हणजे जे बोट नाही ना, ते खाजतं."

"मग खाजव."

"कुठे?"

बारकीला हसू फुटलं. इतक्या दिवसांनी फुटलेलं हसू, ते सरळ कसं येणार; ते मधेच वाकडं झालं आणि ती थोरल्याच्या खांद्यावर डोकं आपटत रडायला लागली. "मी आधी हिरवं दाबलं. तू ओरडलास आणि मी हिरवं दाबलं, दादा. मग लाल. मी चुकीचं बटण दाबलं."

म्हणजे हे होतं तर. ती आईला हेच सांगायला जात होती. आत्याच्या हातातली पाटी खाली आली. तिला धावत जाऊन म्हणावंसं वाटलं, नाही गं, तुझी काही चूक नाही. तिने स्वतःला आवरलं.

थोरल्याने हातातला टॉवेल बाजूला ठेवला. मग म्हणाला, "मी ओरडलो कधी?"

"तेव्हाच."

"तेव्हाच नाही. बोटं गेली तेव्हा मला कळलंसुद्धा नाही. नुसता हिसका बसला. मी हात बाहेर काढून बघितला, मग ओरडलो. बोटं आधी गेली, ओरडणं नंतर. ओरडायच्या आधी तू कुठलं बटण दाबणार होतीस? तुला काय ज्योतिष येतं?"

बारकीने डोकं वर केलं.

"आणि धांडा अडकला तर काठीने ढकल असं बाबा शंभरदा सांगतात. मी हात घातला. ते काय तू घातलास?" थोरल्याने डाव्या हाताने तिचं नाक पुसलं आणि हात तिच्याच बाहीला पुसला. "शी. आण इकडे टॉवेल."

त्यानंतर आत्याला एक काम करायचं उरलं होतं. ती सुताराच्या अंगणात गेली. या वेळी कुंपणावरून नाही, फाटकातून. सुतार दाराच्या चौकटीला ठोकत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"फ्यूज घरातच होता," आत्या म्हणाली. "मी तोंडाला येईल ते बोलले. चुकलं माझं."

"घरात कुठे?"

आत्याने सांगितलं. सुताराने हातोडी खाली ठेवली, डोळे मिचकावले आणि मान हलवली. "शाबास पोरगी," तो म्हणाला. मग बराच वेळ काही तरी मनाशी मोजल्यासारखं करून म्हणाला, "त्या यंत्राचं तोंड आखूड आहे. हात पात्यापर्यंत पोचतो, हीच खोट. लांब पन्हळ करून देतो, वरून झाकलेली. मग आत हात घालायचा म्हटला तरी पोचायचा नाही. राक्षसाचा पोचला तर माझा इलाज नाही."

"आणि नाली?"

"नालीचं भांडण वेगळं," सुतार म्हणाला. "ते चालू राहू दे."

पन्हळ बसली. बारकीने स्वतः आत हात घालून पाहिला, खांद्यापर्यंत. मग बापूला घालायला लावला. मग आत्याला. "आईला बोलाव," ती म्हणाली. आई आली, तिनेही हात घातला. कुणाचाच पोचला नाही. सुताराला एक लांब काठीही करायला लावली तिने, धांडा ढकलायला. आणि त्या संध्याकाळी ती स्टार्टरपाशी उभी राहिली, खिशातून फ्यूज काढला, बोर्डात बसवला. "बाबा, बाही वर करा," ती म्हणाली. बापूने बाह्या कोपरापर्यंत सारल्या. "दोन्ही." दोन्ही सारल्या. "लावते."

हिरवं बटण दाबलं गेलं. मोटार घरघरली, चाक फिरलं, पहिली पेंढी आत गेली आणि कुट्टी फर्रकन बाहेर उडाली. बारकीचा अंगठा लाल बटणावर टेकलेला. दोन पेंढ्या झाल्यावर तिने बंद केलं. चेहऱ्यावर घाम ओघळत होता. "पुरे आज."

"पुरे," बापू म्हणाला. दोन पेंढ्यांच्या कुट्टीकडे तो असा बघत होता, जसं काही गोठ्यात सोनं उडालंय.

मग दोनाच्या चार झाल्या, चाराच्या वेळेपुरत्या झाल्या. बारकी कधी मधेच बंद करायची, बापूचा हात बघायची, पुन्हा लावायची. कुणी का म्हणून विचारायचं नाही. दूध चढलं. दूध केंद्रावरच्या माप घेणाऱ्याला आत्याने भरलेली किटली नाकासमोर धरून दाखवली. पण बारकीची झोप काही पुरती आली नव्हती. पहाटे ती भिंतीला टेकून बसलेली असायचीच. कधी बसल्या बसल्या डोळा लागायचा, आणि दचकून उघडायचा. आत्याने मनाशी ठरवलं होतं, बाजारचा दिवस गेला की तिला तालुक्याच्या डॉक्टरबाईंकडे न्यायचं. बारकीलाही विचारलं होतं. "येईन," ती म्हणाली होती.

त्याआधीची ती दुपार. ऊन असं की गोठ्याच्या पत्र्याला हात लावला तर फोड यावा. वाऱ्याची झुळूक नाही. बापू कुट्टीला लागला. बारकी बटणापाशी. थोरला कट्ट्यावरून उठला आणि म्हणाला, "जरा मी उभा राहतो. डावा हात रिकामाच असतो."

बारकीने त्याच्याकडे पाहिलं. "लाल कुठलं?"

त्याने दाखवलं.

"नजर बाबांच्या हातावर ठेवायची. म्हशींकडे बघायचं नाही. माशी बसली तरी हाकलायची नाही."

"नाही हाकलत, मास्तरीणबाई."

बारकी बाजूला झाली. लांब नाही, दोन पावलांवर रिकाम्या पोत्यांची थप्पी होती, तिच्यावर बसली. तिथूनही तिची नजर थोरल्याच्या अंगठ्यावर होती. यंत्र घरघरत होतं, कुट्टी उडत होती, बारीक धूळ उन्हाच्या पट्ट्यात तरंगत होती. आत्या कुट्टी सारत होती. तिने वर पाहिलं तेव्हा बारकीची मान कलली होती. तोंड किंचित उघडं. एक हात पोत्यावरून खाली लोंबत होता, आणि बोटं सैल, अगदी सैल.

आत्याने बापूच्या दंडाला धक्का दिला आणि डोळ्यांनी दाखवलं. बापू वळला. थोरला मात्र दिलेल्या शब्दाला जागून बापाच्या हातावरची नजर काढेना, आत्याला त्याच्या कानात सांगावं लागलं.

वेळेपुरती कुट्टी झाली होती. थोरल्याने बंद करू का म्हणून खुणेने विचारलं. आत्याने जोरात मान हलवली. इतक्या घरघरीत लागलेली झोप, घरघर थांबली तर मोडणार नाही कशावरून? बापूने एक पेंढी घातली. मग दुसरी. संध्याकाळची झाली, उद्या सकाळची झाली. काडी काडी झटकून ठेवणारा बापू गंजीकडे जाऊन पेंढ्यांवर पेंढ्या आणत होता आणि पावलं न वाजवता चालत होता, एवढ्या आवाजात. दारात बारकीची आई येऊन उभी राहिली. तिने पदर तोंडाला लावला. कुट्टीचा ढीग गुडघ्यापर्यंत आला. म्हशी माना उंचावून बघायला लागल्या.

"परवाची झाली," बापू ओठांनीच म्हणाला. "किती कापू?"

"काप," आत्या ओठांनीच म्हणाली.

आणि तेवढ्यात वीज गेली.

मोटार एक आचका देऊन थांबली. चाक दोन वेढे उगाच फिरलं आणि उभं राहिलं. एकदम एवढी शांतता झाली की म्हशीच्या रवंथाचा आवाज ऐकू यायला लागला. बापूच्या हातात पेंढी तशीच. थोरल्याचा अंगठा लाल बटणावर.

बारकीने कूस बदलली. पोत्यांवर अंग आवळून घेतलं, गालाखाली हात घेतला, नाकातून एक लांब सुस्कारा सोडला आणि ती झोपूनच राहिली.

धाकटं रेडकू रेकायच्या बेतात होतं. आत्याने पटकन त्याच्या तोंडात मूठभर कुट्टी कोंबली.